नॅसचा पासवर्ड विसरलाय? रीसेटच्या भोकात पिन घालण्याआधी हे वाचा

नॅसचा, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांच्या फाइली ठेवणाऱ्या डिस्कच्या यंत्राचा, पासवर्ड आठवेना झाला की बहुतेकांचा हात आधी टाचणीकडे जातो. यंत्राच्या मागे बारीक भोक असतं, त्यावर 'रीसेट' असं छापलेलं असतं, आणि राउटरमुळे आपल्याला सवय लागलेली असते की दाबून धरलं की सगळं नव्यासारखं होतं. नॅसवर हीच सवय अंगाशी येते. काही यंत्रांत हे बटण तीन-चार सेकंद दाबलं तर फक्त पासवर्ड पुसला जातो आणि काही यंत्रांत मिनिटभर दाबलं तर सगळा डेटाच जातो. बटण तेच, फरक फक्त बोट किती वेळ ठेवलं याचा.

त्यामुळे पिन बाजूला ठेवा. आणि त्याहूनही महत्त्वाचं, यंत्र आत्ता चालू असेल तर ते चालूच राहू द्या. 'एकदा बंद करून चालू करून बघू' हे इथे करायचं नाही. कारण साधं आहे: एन्क्रिप्ट केलेलं (किल्लीशिवाय वाचता न येणारं) फोल्डर किंवा डिस्क या घडीला उघडी असेल, तर ती रीस्टार्टनंतर बंद होऊ शकते आणि पुन्हा उघडायला नेमकी तीच किल्ली लागेल जी तुम्हाला आठवत नाहीये. घरातल्या एखाद्या कॉम्प्युटरवर नॅसचं ड्राइव्ह अजून उघडं असेल, फाइली दिसत असतील, तर आधी महत्त्वाचं सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून घ्या. पासवर्ड माहीत नसला तरी जुनं कनेक्शन जिवंत असेपर्यंत कॉपी होते. ती संधी रीस्टार्टने घालवू नका.

नेमकं कोणतं कुलूप अडलंय?

'पासवर्ड विसरलो' असं म्हणताना लोक चार वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

पहिली म्हणजे ब्राउझरमधून उघडणाऱ्या कंट्रोल पॅनेलचं लॉगिन. दुसरी, कॉम्प्युटरवरून शेअर फोल्डर उघडताना विचारलं जाणारं नाव आणि पासवर्ड. सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे कंपन्यांच्या तयार यंत्रांत ही दोन्ही बहुधा एकाच खात्याची असतात. पण ओपनमीडियाव्हॉल्टवर (स्वतः जोडलेल्या नॅसवर चालणारी मोफत प्रणाली) पॅनेलचा 'अ‍ॅडमिन' वेगळा आणि शेअरचे वापरकर्ते वेगळे. तिथे पॅनेलचा पासवर्ड शेअरला लावून 'चालत नाही' म्हणून कपाळावर हात मारणारे पुष्कळ. तिसरी गोष्ट कंपनीच्या क्लाउड खात्याचा पासवर्ड. तो यंत्रात नसतोच, त्यामुळे यंत्रावरचं कोणतंही बटण दाबून तो बदलत नाही. तो ईमेलवरून 'पासवर्ड विसरलात?' या वाटेनेच बदलतो.

चौथी गोष्ट एन्क्रिप्शनची किल्ली, आणि ती बाकी तिघींच्या पंगतीतली नाही. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे दारावरचा पहारेकरी. त्याला बदलता येतं, त्याच्या मागून जाता येतं. एन्क्रिप्शनमध्ये मात्र फाइलीच गुंतवून ठेवलेल्या असतात आणि किल्लीशिवाय त्या सुटत नाहीत. रीसेट बटण फक्त पहारेकरी बदलतं. पुढचं सगळं वाचताना हा फरक डोक्यात ठेवा.

आधी खात्री करा: पासवर्ड खरंच चुकतोय का?

निम्मा वेळ इथेच वाचतो. पासवर्ड बरोबर असूनही यंत्र आत घेत नाही, अशी कारणं ठरलेली आहेत.

नाव चुकीचं असतं. लोक सवयीने 'अ‍ॅडमिन' टाकत राहतात. सिनॉलॉजीच्या डीएसएम ७ मध्ये आणि क्यूनॅपच्या नव्या क्यूटीएसमध्ये (या त्या त्या यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टिम) पहिल्यांदा यंत्र लावताना तुम्हाला वेगळ्या नावाचं खातं करायला लावतात आणि मूळ 'अ‍ॅडमिन' बंद ठेवतात. लॉगिनच्या पानावर नाव चुकलं काय आणि पासवर्ड चुकला काय, संदेश एकच येतो. विंडोजमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, 'विंडोज क्रेडेन्शियल्स'मध्ये नॅसच्या नावाची किंवा आयपीची (नेटवर्कवरच्या पत्त्याच्या आकड्याची) नोंद शोधा. तिथे पासवर्ड दाखवत नाहीत, पण वापरकर्त्याचं नाव दिसतं, आणि पुष्कळदा विसरलेलं असतं ते तेवढंच. मॅकवर तर कीचेनमध्ये नॅसची नोंद उघडून मॅकचा स्वतःचा पासवर्ड दिला की शेअरचा साठवलेला पासवर्ड चक्क वाचता येतो.

ब्राउझरने पासवर्ड साठवलेला असतो, पण देत नाही. ब्राउझर पासवर्ड पत्त्याला बांधून ठेवतो. ५००० पोर्टवर (पत्त्याच्या शेवटचा आकडा) साठवलेला पासवर्ड ५००१ पोर्टच्या सुरक्षित पानावर आपोआप भरला जाणार नाही. आयपीवर साठवलेला नॅसच्या नावाने उघडल्यावर येणार नाही. म्हणून ब्राउझरच्या साठवलेल्या पासवर्डांच्या यादीत जाऊन '१९२.१६८' असं शोधा. जुन्या लॅपटॉपवर आणि फोनवरही शोधा.

आयपी ब्लॉक झालेला असतो. सिनॉलॉजीच्या ऑटो ब्लॉकची मूळ मर्यादा ५ मिनिटांत १० चुकीचे प्रयत्न अशी आहे. दहा वेळा चुकलात की अकराव्या वेळी बरोबर पासवर्ड टाकूनही आत घेणार नाही. अशा वेळी त्याच लॅपटॉपवरून डोकं आपटण्यात अर्थ नाही. फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून, म्हणजे वेगळ्या आयपीवरून, शांतपणे एकदाच प्रयत्न करा.

कीबोर्ड देवनागरीवर राहिलेला असतो. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे कळत नाही. पासवर्ड एकदा वापरकर्त्याच्या नावाच्या चौकटीत टाइप करून पाहा, काय उमटतंय ते दिसेल. मग पुसून टाका.

दोन टप्प्यांच्या पडताळणीचा कोड चुकतोय. हे कोड घड्याळावर चालतात आणि साधारण ३० सेकंदांनी बदलतात. नॅसचं किंवा फोनचं घड्याळ मिनिट-दोन मिनिटं पुढेमागे झालं तर कोड कायम चुकीचाच ठरतो. फोनचं घड्याळ आपोआप वेळ घेणाऱ्या सेटिंगवर ठेवा. तरी अडलं तर सिनॉलॉजीच्या कोड विचारणाऱ्या पानावर 'फोन हरवलाय?' अशा अर्थाचा दुवा असतो. नॅसमधून ईमेल जाण्याची सोय आधी जोडलेली असेल तर त्यावरून तातडीचा कोड ईमेलवर येतो.

विंडोजची स्वतःची भांडणं. चूक क्रमांक १२१९ आली तर पासवर्डशी त्याचा संबंध नाही: एकाच नॅसला विंडोज एका वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडू देत नाही. जुनी जोडणी तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधली नोंद काढा, एकदा साइन आउट करून परत या. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून शेअरच्या जोडणीला डिजिटल सही सक्तीची झाली आहे, आणि पासवर्डविना चालणाऱ्या पाहुण्या खात्याला अशी सही करताच येत नाही. म्हणजे काल बिनपासवर्डाचं उघडणारं फोल्डर अपडेटनंतर पासवर्ड मागायला लागतं आणि माणसाला वाटतं आपणच काहीतरी विसरलो. इथे उपाय एकच, नॅसवर खरं खातं करून त्या नावाने जोडणं. नाव देताना आधी नॅसचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग वापरकर्ता असं लिहा, नाहीतर विंडोज स्वतःचंच खातं पुढे करतं.

हे सगळं तपासून झालं, पासवर्ड खरंच हरवलाय, तर बटणाच्या आधी अजून एक सोपी वाट आहे: घरात दुसऱ्या कुणाचं व्यवस्थापकाचे हक्क असलेलं खातं आहे का? असेल तर कंट्रोल पॅनेलच्या वापरकर्ते विभागातून तुमचा पासवर्ड अर्ध्या मिनिटात बदलून होतो. सिनॉलॉजीत ईमेलवरून पासवर्ड बदलण्याची सोय आहे, पण ती व्यवस्थापक नसलेल्यांसाठी, आणि तीही आधी चालू केलेली असेल तरच.

पिन घालायची वेळ आली तर

दोन मिनिटं तयारीला द्या. राउटरला येणारी इंटरनेटची वायर काढा. घरातलं नेटवर्क तसंच चालू राहू द्या. रीसेटनंतर काही काळ यंत्राचा पासवर्ड रिकामा किंवा कारखान्यातला असतो आणि फायरवॉलही (बाहेरची ये-जा अडवणारी भिंत) उतरलेली असते. त्या अवस्थेत ते बाहेरून दिसता कामा नये. उघड्यावर ठेवलेल्या नॅसचं काय होतं याचं उदाहरण फार जुनं नाही: जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या जुन्या यंत्रांवर बाहेरच्यांनी इंटरनेटवरूनच, पासवर्ड न देता, फॅक्टरी रीसेट चालवला आणि कित्येकांच्या डिस्क रिकाम्या झाल्या.

एन्क्रिप्शन वापरत असाल तर किल्लीची फाइल किंवा रिकव्हरी की हातात आहे याची खात्री बटण दाबण्याआधीच करा. नसेल तर थांबा आणि खालचा एन्क्रिप्शनचा भाग आधी वाचा.

पिनबद्दल थोडं. कागदाची यू-पिन सरळ करून घ्या. तिचं टोक बोथट असतं, तेच हवं. शिवणाची सुई नको, ती बटणाच्या बाजूला घसरते. आत ढकलल्यावर बारीकसा 'टिक' जाणवला पाहिजे. टिक न जाणवता नुसतं दाबत बसलात तर तुम्ही बहुधा प्लास्टिकच्या कडेला दाबताय. यंत्र पूर्ण चालू झालेलं असावं, स्थितीचा दिवा स्थिर हिरवा. नुकतंच चालू केलं असेल तर पाच मिनिटं थांबा. सिस्टिम उठलेली नसताना बटण दाबलं तर बीपच येत नाही आणि लोक वैतागून अजून जोरात, अजून वेळ दाबत राहतात. सेकंद मोजायला फोनचं स्टॉपवॉच लावा, मनातल्या मनात मोजू नका.

सिनॉलॉजी

इथे रीसेटच्या दोन पायऱ्या आहेत आणि गोंधळ त्यांच्या मधल्या दहा सेकंदांत होतो.

पहिली पायरी: बटण दाबून साधारण ४ सेकंद धरा, एक बीप येईल, लगेच सोडा. आणि आता हात काढून घ्या. पिन भोकातून पूर्ण बाहेर. बीप नीट ऐकू आला नाही म्हणून पुन्हा दाबू नका, कारण पहिल्या बीपनंतर १० सेकंदांच्या आत पुन्हा ४ सेकंद दाबलं तर तीन बीप येतात आणि यंत्र दुसऱ्या पायरीवर जातं, म्हणजे डीएसएम नव्याने बसवायच्या अवस्थेत. शंका असेल तर निदान मिनिटभर थांबून मगच पुन्हा सुरुवात करा.

पहिल्या पायरीने एवढं होतं: 'अ‍ॅडमिन' खातं चालू होतं आणि त्याचा पासवर्ड रिकामा होतो, पॅनेलचे पोर्ट ५००० आणि ५००१ या मूळ आकड्यांवर येतात, आयपी आणि डीएनएस आपोआप मिळण्यावर जातात, ऑटो ब्लॉक आणि फायरवॉलचे नियम बंद होतात. फाइली, बाकीची खाती, शेअर फोल्डर, बसवलेली पॅकेजं यांना हात लागत नाही. डीएसएम ७.२ वर अख्खं व्हॉल्यूम (डिस्कवरची फाइली ठेवायची सगळी जागा) एन्क्रिप्ट केलेलं असेल तर मात्र यंत्रात ठेवलेली किल्ल्यांची तिजोरीही रीसेटमध्ये जाते असं धरून चला. रिकव्हरी की नसेल तर हे बटण दाबू नका.

यानंतर हमखास येणारी तक्रार म्हणजे 'रीसेट केला आणि नॅस गायबच झाला'. गायब झालेला नसतो, पत्ता बदललेला असतो. तुम्ही आधी ठरवून दिलेला आयपी रीसेटमध्ये गेला आणि राउटरने त्याला नवा दिला. सिनॉलॉजी असिस्टंट (नेटवर्कवरचं यंत्र शोधणारा कंपनीचा प्रोग्राम) चालवा किंवा राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत बघा. लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर असेल तर काहीही सापडणार नाही; ते जाळं मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. सापडलं की नाव 'अ‍ॅडमिन', पासवर्डाची चौकट रिकामी, आत गेल्यावर लगेच नवा पासवर्ड. मग वापरकर्त्यांच्या यादीत जाऊन आपल्या नेहमीच्या खात्याचा पासवर्ड बदला. दोन टप्प्यांची पडताळणी अडली असेल तर तिथूनच त्या खात्यासाठी ती काढता येते.

अ‍ॅडमिनला रिकाम्या पासवर्डाने आत घेत नसेल तर एक शक्यता अशी: कंट्रोल पॅनेलमध्ये रीसेट दाबल्यावरही अ‍ॅडमिनचा जुना पासवर्ड तसाच ठेवायचा असा एक पर्याय आहे, आणि तो कधीतरी सुरक्षेच्या नावाखाली चालू केलेला असतो. मग पहिली पायरी निरुपयोगी ठरते.

तेव्हाच दुसरी पायरी. तीन बीप आल्यावर स्थितीचा दिवा नारिंगी लुकलुकू लागतो. आता पुन्हा असिस्टंटमधून यंत्र शोधून डीएसएम बसवायचं. आधीचीच किंवा नवी आवृत्ती घ्या, जुनी नको. व्हॉल्यूमवरचा डेटा या वाटेत राहतो, पण खाती आणि सेटिंग्ज जातात. बसवताना पडद्यावर 'डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल' अशा अर्थाचं वाक्य आलं आणि ते डेटाच्या डिस्कबद्दल असेल, तर पुढे जाऊ नका, खिडकी बंद करा. सेटिंग्जची बॅकअप फाइल पूर्वी कधी काढून ठेवली असेल तर ती आता उपयोगी येते, खाती आणि शेअरचे हक्क परत येतात.

क्यूनॅप

तत्त्व तेच, आकडे वेगळे. ३ सेकंद दाबा, एक बीप, सोडा. एवढ्याने पासवर्ड आणि नेटवर्क मूळ स्थितीला जातं, पोर्ट ८०८० होतो. १० सेकंदांपर्यंत धरून ठेवलंत तर दुसरा बीप येतो आणि सगळ्या सेटिंग्ज जातात: खाती, गट, शेअर फोल्डरांची यादी. फाइली डिस्कवर असतात पण यादीच पुसली गेल्यामुळे काहीच दिसत नाही, आणि माणूस घाबरून डिस्क नव्याने तयार करायला बसतो. तसं करू नका. फाइल जिथे होती त्याच जागेकडे बोट दाखवणारं शेअर फोल्डर पूर्वीच्याच नावाने पुन्हा तयार केलं की फाइली दिसू लागतात.

रीसेटनंतरचा पासवर्ड काय, हा इथला नेहमीचा अडथळा. जुन्या यंत्रांत तो 'अ‍ॅडमिन' हाच शब्द होता. क्यूटीएस ४.४.२ पासून पहिल्या नेटवर्क पोर्टचा मॅक पत्ता (त्या पोर्टचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) हा पासवर्ड झाला: मधले कोलन काढायचे, अक्षरं कॅपिटलमध्ये लिहायची, एकूण १२ खुणा. क्यूफाइंडर प्रो या क्यूनॅपच्या प्रोग्राममध्ये तो पत्ता दिसतो, यंत्रावरच्या स्टिकरवरही असतो. मॅक पत्त्यात आकडे आणि फक्त 'ए' ते 'एफ' एवढीच अक्षरं येतात, त्यामुळे गोल दिसणारी खूण नेहमी शून्यच. 'बी' आणि आठ मात्र स्टिकरवर सारखे दिसतात, ते भिंगाने बघा. दोन-तीन नेटवर्क पोर्ट असतील तर पहिल्याचाच पत्ता. काही नव्या आवृत्त्यांत मॅकऐवजी स्टिकरवरची क्लाउड की चालते. एक चाललं नाही तर दुसरं घालून पाहा.

वेस्टर्न डिजिटल

माय क्लाउड आणि माय क्लाउड होम ही नावं सारखी, स्वभाव वेगळे. माय क्लाउडवर यंत्र चालू असताना ४ सेकंदांचा रीसेट दिला की व्यवस्थापकाचा पासवर्ड आणि नेटवर्क मूळ होतं, फाइली राहतात.

माय क्लाउड होमवर तसं समजून बटणाला हात लावू नका. तिथे ३० ते ५९ सेकंद दाबलं तर मालकाचा दर्जा जातो, आणि ६० सेकंदांपुढे गेलं की सगळा डेटा पुसला जातो. त्या यंत्राचं लॉगिन क्लाउड खात्यावर चालतं, त्यामुळे विसरलेला पासवर्ड ईमेलवरून बदला आणि बटण विसरून जा.

स्वतः जोडलेली यंत्रं

इथे बटण नसतं, मॉनिटर आणि कीबोर्ड लागतो. ट्रूनॅस या मोफत प्रणालीच्या यंत्राला ते जोडले की पडद्यावर कन्सोलचा मेनू येतो आणि त्यातच व्यवस्थापकाचा पासवर्ड बदलण्याची ओळ असते. हा मेनू पासवर्डविना न दाखवण्याचं सेटिंग तुम्ही केलेलं नसेल तर काम तिथेच संपतं. ओपनमीडियाव्हॉल्टवर रूट (लिनक्सचं सर्वाधिकारी खातं) म्हणून लॉगिन करून 'ओएमव्ही-फर्स्टएड' चालवा, मेनूत पॅनेलचा पासवर्ड बदलण्याचा पर्याय आहे. रूटचाच विसरला असेल तर यंत्र चालू होताना ग्रबच्या (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीवर 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/बॅश' हे रोमन अक्षरांत जोडा, त्याच ओळीतलं 'आरओ' बदलून 'आरडब्ल्यू' करा आणि एफ१० दाबा. थेट रूटची आज्ञाओळ मिळते, तिथे पासवर्ड बदला. 'आरओ' बदलायचं राहिलं तर पासवर्ड बदलल्यासारखा वाटतो पण साठवताना चूक येते, कारण डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडलेली असते.

अनरेड या यूएसबीवरून चालणाऱ्या नॅस प्रणालीची गोष्ट सर्वांत सोपी: यंत्र नीट बंद करून यूएसबी काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, 'कॉन्फिग' फोल्डरमधल्या 'शॅडो' आणि 'एसएमबीपासडब्ल्यूडी' या फाइली दुसरीकडे हलवा, यूएसबी परत लावा. हलवा, पुसू नका. परत ठेवायची वेळ येऊ शकते.

एन्क्रिप्शनची किल्ली हरवली असेल तर

इथे कुठलाही रीसेट कामाचा नाही. शोधणं हेच काम.

सिनॉलॉजीत एन्क्रिप्ट केलेलं शेअर फोल्डर तयार करताना ब्राउझर एक '.की' फाइल आपोआप उतरवून घेतो. त्या वेळी कुणी तिच्याकडे लक्ष देत नाही, आणि म्हणूनच ती अजून जुन्या लॅपटॉपच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये पडलेली सापडते. नावात शेअर फोल्डरचं नाव असतं. ती मिळाली तर पासवर्ड आठवायची गरज नाही. फोल्डर उघडताना किल्ली आयात करण्याचा पर्याय निवडा.

बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) लावलेली बाहेरची डिस्क असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की शोधा. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, छापील कागदावर किंवा एखाद्या टेक्स्ट फाइलमध्ये असते. पडद्यावर दिसणाऱ्या ओळख क्रमांकाची सुरुवातीची अक्षरं जुळवा, नाहीतर दुसऱ्याच डिस्कची की घालत बसाल. ट्रूनॅसवर किल्लीवर चालणारा डेटासेट (डेटाचा वेगळा कप्पा) सिस्टिमच्या आतल्या नोंदीतून आपोआप उघडतो. बूटची डिस्क गेली आणि किल्ली आधी बाहेर काढून ठेवलेली नसेल तर तो परत उघडत नाही.

स्वतःच्या पासवर्डाची चौकट असलेल्या खिशातल्या डिस्कचं, उदाहरणार्थ माय पासपोर्टचं, पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर अडून बसणं नेहमीचं. काढून पुन्हा लावली की पुढचे पाच प्रयत्न मिळतात. त्या पडद्यावर डिस्क पुसण्याचा पर्यायही समोर येतो, घाईत त्यावर बोट पडू देऊ नका. खोका उघडून आतली डिस्क दुसरीकडे लावण्याचा उपयोग बहुतेक मॉडेलांत नाही, कारण एन्क्रिप्शन खोक्यातल्या सर्किटवर होतं आणि डिस्कवर नुसता कचरा दिसतो.

अर्धवट आठवत असेल तर वेंधळेपणाने टाइप करत बसू नका. कागदावर तीन रकाने पाडा: मूळ शब्द, कुठलं अक्षर मोठं, शेवटी लावलेला आकडा किंवा चिन्ह. प्रत्येक जोडी लिहून, घालून, खोडा. माणूस नेहमीच्याच चार-पाच सवयींतून पासवर्ड बनवतो आणि न लिहिता प्रयत्न केला की तेच तीन पासवर्ड पुन्हा पुन्हा घालतो.

डिस्क काढून वाचणं

एन्क्रिप्शन नसेल आणि यंत्रच दाद देत नसेल तर ही शेवटची वाट, आणि ती बरीच खात्रीची. सिनॉलॉजीची रचना म्हणजे लिनक्सचंच रेड (अनेक डिस्कची एक जोडणी), वर एलव्हीएम (त्या जागेचे भाग पाडणारा थर), वर एक्सटी४ किंवा बीटीआरएफएस (फाइली मांडण्याच्या पद्धती). यंत्र बंद करा, प्रत्येक डिस्कवर खणाचा क्रमांक लिहा, सगळ्या डिस्क एकदम एका कॉम्प्युटरला लावा, उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) यूएसबीवरून चालवा, 'एमडीएडीएम' आणि 'एलव्हीएम२' ही साधनं बसवा. रेड जोडून घ्या, एलव्हीएम चालू करा, आणि व्हॉल्यूम फक्त वाचण्यापुरतं जोडा. पहिले दोन छोटे रेड सिस्टिमचे असतात. तुमचा डेटा तिसऱ्यापासून पुढे. बीटीआरएफएस नव्या उबुंटूवर जोडायला नकार देत असेल तर डिस्क खराब समजू नका, १८.०४ सारखी जुनी आवृत्ती वापरून पाहा.

विंडोजला या डिस्क लावू नका. लावल्याच तर 'वापरण्याआधी फॉरमॅट करायला हवं' अशी खिडकी येईल. तिथे 'कॅन्सल' सोडून काहीही दाबू नका.

क्यूनॅपच्या नव्या स्टोरेज पूलना ही वाट चालत नाही, कारण त्यांचा एलव्हीएम बदललेला आहे आणि साधं लिनक्स तो ओळखत नाही. माय बुक लाइव्हसारख्या जुन्या यंत्रांत अडचण निराळी: तिथे एक्सटी४ चे ब्लॉक ६४ केबीचे आहेत आणि नेहमीच्या पीसीवरचं लिनक्स सहसा ४ केबीपर्यंतचेच जोडतं. 'फ्यूज-एक्सटी२' या प्रोग्रामने मात्र ते वाचता येतात.

आत गेल्यावर

इंटरनेटची वायर लावण्याआधी 'अ‍ॅडमिन' पुन्हा बंद करा, फायरवॉल आणि ऑटो ब्लॉक चालू करा. कायमचा आयपी यंत्रात देण्याऐवजी राउटरमध्ये राखून ठेवा, म्हणजे पुढच्या रीसेटला तो हरवणार नाही. व्यवस्थापकाचं दुसरं खातं करा. पासवर्ड आणि किल्लीच्या फाइली नॅसबाहेर दोन ठिकाणी ठेवा. पासवर्ड मॅनेजर नॅसवरच चालवून त्यातच नॅसचा पासवर्ड ठेवणारे महाभाग कमी नाहीत.

आणि दोन दिवसांनी हीच अडचण परत आली, पासवर्ड बरोबर असूनही लॅपटॉप आत जाईना, तर जुनी उपकरणं बघा. टीव्ही, कॅमेरा, रात्री बॅकअप घेणारा प्रोग्राम, या सगळ्यांकडे जुनाच पासवर्ड साठवलेला असतो आणि ते न थकता तोच घालत राहतात. बॅकअपचा प्रोग्राम लॅपटॉपवरच असेल तर रात्रभरात तोच लॅपटॉपचा आयपी ब्लॉक करवून घेतो. नॅसच्या जोडणीच्या नोंदींमध्ये कोणत्या आयपीवरून चुकीचे प्रयत्न येताहेत ते स्पष्ट दिसतं. त्या प्रत्येकाला तेवढ्याच फोल्डरपुरतं वेगळं खातं करून द्या. मग तुमचा पासवर्ड कितीही वेळा बदलला तरी त्यांना कळणारही नाही.